शिंगाड्याचा थांबा

चांद्याहून मूलच्या रस्त्याला लागणाऱ्या पाहुण्याला जो तो सांगतो: निघण्याआधी महाकालीचं दर्शन घ्या, गोंडराजांच्या परकोटाचे दरवाजे पाहा, सवड असेल तर ताडोब्याच्या तळ्यावर जा, आणि वैनगंगा उतरून मार्कंड्याची देवळं पाहिल्याशिवाय परत फिरू नका. खरंच पाहा. दगडावर एवढा जीव लावलेला दुसरीकडे सहसा दिसणार नाही. पण मूल सोडून सिंदेवाहीकडे जाताना सागाचं रान विरळ होतं, धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि तिथे एका तलावाच्या पाळीखाली मोटार थांबते. तो थांबा कोणी सांगत नाही. आज आश्विनातल्या उन्हात मी तिथे उतरले.

माझ्या पुढच्या बाकावर नागपूरकडचं एक जोडपं होतं. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "इथं काय आहे हो पाहण्यासारखं?" गृहस्थांनी डोळे न उघडता सांगितलं, "काही नाही. तळं आहे." मी पिशवी उचलली आणि उतरले. ते दोघं पुढे गेले. त्यांना जे सांगायचं राहिलं ते आता इथे लिहिते आहे.

सरकारी बस हल्ली इथे जेमतेम थांबते. आमच्या वेळची सर्विस मोटार मात्र थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नसे. रानातला चढ चढून आली की तिच्या नाकातोंडातून वाफ निघायची. तापलेलं रबर, पेट्रोल, छपरावर बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं आणि बिडी, असा सगळा मिळून एक वास तिच्या आधी गावात शिरायचा. गफूरभाई ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडायचे, "उतरो भाई, उतरो! इसको पानी पिलाना है, तुम भी कुछ खा लो!"

आणि आम्ही तलावावर जगणाऱ्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाया टोपल्या घेऊन तयारच असायचो.

"भाऊ, तुमची मोटार तं आमच्या म्हशीवाणी हाय," पारबता म्हणायची. ती माझ्या चुलत भावाची बायको, तोंडाची फटकळ. "तलाव दिसला का बसलीच!"

"म्हैस दूध तो देती है," गफूरभाई म्हणायचे. "ये तो वो भी नहीं देती." मग एक उकडलेला शिंगाडा सोलून ते इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे. "पहले इसको, फिर हमको." तो शिंगाडा पुढच्या वळणावर पडत असणार. तरी ते न चुकता ठेवायचे.

त्या थांब्याला ऋतू होते. चैत्रात पाळीखालच्या मोहांचा सडा पडायचा आणि त्या वासानं माणसं मोटारीत चढायलाच विसरायची. उन्हाळ्यात तलाव आटून मधोमध एक डोह उरायचा. त्यात बियाण्याच्या वेली जपून ठेवलेल्या असायच्या, आणि भोवतीच्या भेगाळलेल्या गाळात पोरं मासे चाचपत हिंडायची. तेव्हा टोपल्यांत सुकट असायची. नाकाला पदर लावून माणसं विकत घ्यायची. पाऊस लागला की तलाव पाळीला टेकायचा. श्रावणात लागवड. आश्विन-कार्तिकात तोडणी, आणि मग गावभर मोठमोठ्या मडक्यांतून शिंगाडे शिजण्याचा वास. तो वास मला सांगता येत नाही. ओली माती, धूर, थोडं दूध. चांद्याच्या शाळेत वर्गात शिकवताना तो कधी कधी अचानक येतो आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

शिंगाडा कसा लावतात ते मोटारीतल्या माणसांना ठाऊक नसे, कारण लागवडीच्या दिवसांत पावसामुळे मोटारच यायची नाही. सांगते. छातीभर पाण्यात उतरायचं. खाली काही दिसत नाही. वेलीचं मूळ पायाच्या अंगठ्याच्या चिमटीत धरायचं, गाळात खोल दाबायचं आणि टाचेनं गाळ सारून बुजवायचं. एका हातात वेलींचा भारा, दुसरा हात शेजारणीच्या खांद्यावर, कारण एका पायावर उभं राहून तोल जातो. अशी बायांची ओळ तलावभर सरकत जाते. एक पाय वर, एक पाय गाळात. लांबून पाहणाऱ्याला ओळ नुसती डोलताना दिसते. पाण्याखाली काय चाललंय ते त्या बायांनाच माहीत.

या ओळीची म्होरकी आमची मोठी माय. माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. उंच, काळी, कपाळावर गोंदण, आणि पायाचे अंगठे असे रुंद की तिला कुठल्याच चपला व्हायच्या नाहीत. तोडणीनंतर वाळवलेल्या शिंगाड्याचं पीठ मूलच्या बाजारात जायचं. तिथून ते मोठ्या घरांतून उपासाला जायचं. ज्या घरांच्या अंगणात आम्हाला वहाणा काढूनही पाय टाकता येत नव्हता, त्या घरांत आमच्या हातचं पीठ देवापुढे ठेवलं जायचं. हे मला लहानपणीही खटकायचं. मोठ्या मायला खटकत नसे. तिला हसू यायचं.

मी अक्षरं शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ते पुड्यांवर. मोठे बाबा, म्हणजे मोठ्या मायचा नवरा, चांद्याच्या एका छापखान्यातून रद्दी आणायचे. निवडणुकीची, सभांची, संपांची पत्रकं. काही मराठी, काही हिंदी. लाल, पिवळी, गुलाबी. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. त्यांचे पुडे वळून आम्ही शिंगाडे द्यायचो. मी प्रत्येक कागद वाचूनच वळायची.

"वाच बाई, वाच," मोठी माय म्हणायची. "गिऱ्हाईक उभा हाय अन् हे बॅलिष्टर झाली!"

एका लाल कागदावर मोठ्या टायपात छापलं होतं की जमीन कसणाऱ्याची. मी तिला वाचून दाखवलं. तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि विचारलं, "अन् पाण्याचं काय लिवलं?" मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

तलाव गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, आज्यापणज्यांनी बांधला असं सगळे म्हणत. माती कोणाच्या डोक्यावरून वाहिली ते कोणी म्हणत नसे. मग मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. सरकार म्हणजे आपणच, असं त्या वर्षीच्या पत्रकांत होतं. त्या हिशेबानं तलाव आमचा झाला होता. काही महिने आम्ही तसं समजून चाललोही.

पुढे मासळीचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. आमच्याकडे फक्त शिंगाडा राहिला. शिंगाडा देऊन धान घ्यायचं, ते धान हिवाळाभर पुरवायचं. गावातल्या ढिवरांच्या साऱ्या चुली त्या वेलींवर होत्या. आणि तेव्हाच पाळीवर विश्रामगृह उठलं. लाल कौलं, हिरवे खांब, तलावाकडे तोंड केलेला रुंद व्हरांडा. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. पोळा होऊन गेला होता. वेलींना पांढरी फुलं आली होती, इतकी की पहाटे तलावावर कोणी लाह्या उधळल्यासारखं वाटायचं.

विश्रामगृहाचं काम पाहणारा ओव्हरसियर आदल्या तोडणीत आमचं रोजचं गिऱ्हाईक होता. व्हरांड्याच्या पायरीवर बसून शिंगाडे सोलायचा आणि टरफलं व्यवस्थित एका जागी ठेवायचा. एके दिवशी दुपारी आम्ही रानातून सरपण घेऊन आलो तर तलावात दूरच्या गावचे मजूर उतरलेले. बांबूंना लोखंडी आकडे लावून ते वेली ओढत होते. पाळीवर हिरवे ढीग पडले होते. पानं उलटी होऊन त्यांची लालसर पाठ वर आली होती. मजूर आमच्याकडे पाहत नव्हते. त्यांच्याशी आमचं भांडणही नव्हतं.

मोठ्या मायनं मोळी तिथेच टाकली. "सायेब, हे काय करून राह्यले?"

"सफाई," ओव्हरसियर म्हणाला.

"सफाई? पीक हाय ते आमचं!"

"मला माहीत आहे बाई. मीच खात होतो की रोज. पण उद्या मोठे साहेब येताहेत विश्रामगृह उघडायला. वरून सांगून आलंय, व्हरांड्यातून पाणी दिसलं पाहिजे. प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाटी लागणार आहे इथे."

"पाण्यात पीक हाय म्हनून पाणी नाई दिसत. तुमच्या शेतात धान असन तं माती दिसते का?"

 तो म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ द्या. उद्या कोणी पाण्यात दिसायचं नाही. टोपल्या घेऊन पाळीवरही नाही. साहेबांना मासळीचा वास सोसत नाही."

"एकादशीले सोसते?" मोठी माय म्हणाली.

आम्ही सगळ्या हसलो.  पण घरी येताना मी त्या ढिगांकडे वळून पाहिलं. आमचा पूर्ण हिवाळा तिथे पालथा पडला होता.

संध्याकाळी पुरुष जमले. ओव्हरसियर वाईट नाही, साहेब गेले की पुन्हा लावू, असं ठरत होतं. मोठी माय दारात उभी राहून ऐकत होती. "साहेब जाईपर्यंत वेल जगन का?" तिनं विचारलं. "पाण्याबाहेर तिचा जीव किती? आज न्हाणली तं उद्या दुपारलोक तग धरन. परवा हे सारं ढोराले टाकाचं."

"उद्या पोलीस असतीन," मोठे बाबा म्हणाले.

"असू दे. त्याले पोहता येते का पाहू."

दिवे लागायच्या आत आम्ही घागरी घेऊन पाळीवर गेलो आणि ढीग भिजवले. कोणी अडवलं नाही. ओव्हरसियर कमानी बांधून घेण्यात गुंतला होता. रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासला होता. ओला चुना आणि उपटलेल्या वेली, या दोन वासांची ती संध्याकाळ. वेलीचा वास कच्चा असतो, गाळाचा, आणि त्याच्या तळाशी एक गोडसरपणा, जसा तान्ह्या पोराच्या अंगाला येतो. पारबता ढिगावर पाणी ओतत होती आणि वेलींशी बोलत होती: "राहा वं माय. एक रात राहा."

सकाळी आम्ही उतरलो. गावातली प्रत्येक ढिवर बाई उतरली. पाय सुजलेली एक म्हातारी तेवढी काठावर बसून भारे देऊ लागली. पाणी थंड होतं. भाद्रपदातलं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. मोठी माय मधोमध, तिच्या एका खांद्यावर पारबताचा हात, दुसऱ्या खांद्यावर माझा.

ओव्हरसियर धावत आला. नवा कोट, हातात हार. "बाहेर! बाहेर निघा! गाडी मूलहून सुटली आहे!"

ओळ सरकत राहिली. त्यानं शिपायाला पुढे केलं. शिपायानं एक बूट काढला, तलावाकडे पाहिलं आणि विचारलं, "खोल आहे का?"

"या ना भाऊ," पारबता म्हणाली. "पदर देतो धराले!"

त्यानं बूट पुन्हा घातला.

मग जीप आली. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि वरचे साहेब हिंदी बोलत. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि मोठे साहेब पाहुण्यांसह व्हरांड्याच्या कठड्याशी आले. समोर पाणी होतं, आणि पाण्यात डोलणाऱ्या बायांची ओळ.

"वाह!" साहेब म्हणाले. "ये कौन-सा नाच है?"

ओव्हरसियर हात जोडून पुढे झाला. "जी, यहाँ का लोकनृत्य है. आपके स्वागत में."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. झेंडूच्या माळा घातलेली माणसं कठड्यावर ओणवून टाळ्या वाजवत होती आणि आम्ही हनुवटीपर्यंत पाण्यात, पायाच्या अंगठ्यांनी आमचा हिवाळा गाळात रोवत होतो. मला जन्मात कधी आला नाही एवढा राग आला.

"टाळ्या वाजवून राह्यले वं, मोठी माय," पारबता कुजबुजली.

"वाजवू दे. त्यांचे हात रिकामे हाय." मग पाय न थांबवता मोठ्या मायनं आवाज चढवला. बाजारात हाक मारायचा तिचा आवाज. तो पाण्यावरून दगडासारखा टप्पे घेत जायचा. "सायेब! नाच पाहाचा असन तं होळीले या! हे काम हाय. काल तुमच्या माणसानं उपटलं, आज आमी लावून राह्यलो!"

साहेब ओव्हरसियरकडे वळले. "क्या कहती है?"

"कहती हैं, आप पधारे, बड़ी कृपा हुई."

मला हिंदी येत होती. अर्धी पत्रकं हिंदीत असायची. माझ्या हातून भारा सुटला. "साहब, ये झूठ बोल रहा है!" मी ओरडले. "ये नाच नहीं, खेती है! कल इसने उखड़वाई, आज हम फिर लगा रहे हैं!"

टाळ्या थांबल्या. काठावरच्या बगळ्यानं पाय बदलला. साहेबांनी पाळीवरच्या ढिगांकडे पाहिलं, ओव्हरसियरकडे पाहिलं, मग रुमालानं गळा पुसला. मला वाटलं, आता शिपाई दोरी आणतील. पत्रकांत असंच होतं. पत्रकांत खरं बोललं की लाठी येते, नाहीतर विजय येतो.

"अच्छा," साहेब म्हणाले. "अच्छा. करने दीजिए." आणि ते चहाला आत गेले.

"काय म्हणते वं तो?" मोठ्या मायनं विचारलं.

"म्हणते, करू द्या."

तिनं अंगठ्यानं एक मूळ खाली दाबलं, टाचेनं गाळ सारला, आणि पुढच्या वेलीसाठी हात मागे केला. "त्याले इचारलं कोनं होतं?"

पहिल्यांदा पारबता हसली. मग तिच्या पलीकडची, मग तिच्या पलीकडची. सगळी ओळ पाण्यात हलायला लागली. हसण्यात कोणाकोणाच्या पायाखालच्या वेली सुटून वर आल्या आणि त्या पुन्हा लावाव्या लागल्या.

गावात अजूनही सांगतात की साहेब भला होता, त्यानं परवानगी दिली. मी हे कोणाकडूनही ऐकून घेत नाही. त्यानं तोंड उघडलं तेव्हा अर्धा ढीग पाण्यात गेला होता. त्या वेली त्याच्या होकारावर जगल्या नाहीत. सगळ्या जगल्याही नाहीत. पलीकडच्या काठाच्या कुजून गेल्या, उरलेल्यांना उशिरा आणि बारीक फळ धरलं. त्या हिवाळ्यात आम्ही कमी जेवलो. पण जेवलो ते आम्ही लावलेलं.

कार्तिकात गफूरभाईंची मोटार थांबली तेव्हा तिच्यातून ओव्हरसियर उतरला. त्याची बदली झाली होती. सामान छपरावर बांधलेलं होतं. तो सवयीनं मोठ्या मायपुढे येऊन उभा राहिला. "एक पुडा द्या बाई."

तिच्यापुढची टोपली भरलेली होती, वाफ निघत होती. "पाण्यात हाय, सायेब," ती म्हणाली. "उतरा, तोडून घ्या."

खिडक्यांतून माणसं पाहत होती.  तो पाळीच्या काठाला गेला, वाकला आणि पाटलोणीचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. पोटरी पांढरी होती, कधी ऊन न लागलेली. तसाच उभा राहिला. गफूरभाईंनी भोंगा दाबला नाही. त्या दिवशी त्यांना घाई नव्हती. शेवटी ओव्हरसियरनं पाटलोण सरळ केली आणि मोटारीत जाऊन बसला. मला त्याची कीव आली का? आली. मोठ्या मायला सांगितलं तर ती म्हणाली, "कीव येऊ दे. शिंगाडा देऊ नोको."

सर्विस मोटारी गेल्या. गफूरभाई आता कोणत्या रस्त्यावर आहेत, आहेत की नाहीत, कोणाला माहीत नाही. रंगीत पत्रकांचे पुडे गेले. आता वर्तमानपत्राचा कागद असतो, त्याची शाई शिंगाड्याला लागते. आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला आणि साहेबांची भाषा बदलली. पारबता नवऱ्यामागे माजरीच्या कोळशाकडे गेली. मागे भेटली तेव्हा म्हणाली की तिथल्या धुळीत नाकाला कशाचा वासच येत नाही, स्वप्नातसुद्धा येत नाही. हे मात्र मला रडवून गेलं.

मोठी माय आहे. गुडघे गेले म्हणून आत उतरत नाही. आज मी पाळीवर चढले तेव्हा ती खाली बसून दोन नव्या सुनांना शिव्या देत होती, कारण त्या वेल सरळ ओढून शिंगाडा तोडत होत्या.

"वेल उचल, फळ काढ, वेल ठेव!" ती ओरडली. "मुळाले हात नोको लावू!" मग मला पाहून म्हणाली, "आली का वं बॅलिष्टर? लुगडं खोच. तिकडची बाजू राह्यली हाय."

मी लुगडं खोचलं. आमच्या मागे विश्रामगृहाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या तलावाकडे तोंड करून मांडल्या होत्या. त्यांवर बसून कितीही मान उंच केली तरी पाणी दिसत नाही. या पाळीपासून त्या पाळीपर्यंत पान आहे.